मदत कोणाची घेतली

"मला एवढंच सांगा," सर म्हणाले, "दुपारी व्यवस्थित चालणारा प्रोग्राम तुम्ही संध्याकाळी मुद्दाम बिघडवलात का?"

ऑपरेटरबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. हा प्रश्न येईल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. कॉपी केलीत का, कुणाकडून लिहून घेतलंत का, असल्या प्रश्नांची तयारी त्या जिना चढता चढता करून आल्या होत्या. उत्तरही तोंडपाठ होतं. पण ते उत्तर या प्रश्नाला काही केल्या बसेना.

"बिघडला असेल, सर. आमचे हात काय तुमच्या पोरांसारखे चालतात का? लागलं असेल कुठंतरी बोट."

"दुसरीपासून प्रत्येक असाइनमेंटला?"

बाईंनी पदर सारखा केला. सर त्यांच्या लेकीच्या वयाचे, फार तर दोन वर्षांनी मोठे. खोली एवढीशी, दोन खुर्च्या टाकल्या की दार पुरतं उघडत नाही अशी. फळ्यावर कुणीतरी काढलेले बाण अर्धवट पुसलेले. सर रागावलेले दिसत नव्हते, आणि बाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. रागावलेल्या माणसाला कसं हाताळायचं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. विद्यापीठाच्या टेलिफोन बोर्डावर सगळी उमर गेली होती, रोज कुणी ना कुणी कानात खेकसायचं. पुढं सगळ्या टेबलांवर थेट नंबर आले, बोर्ड भंगारात गेला आणि बाईंना चौकशीच्या खिडकीत बसवलं. लोक मात्र त्यांना अजून ऑपरेटरबाईच म्हणत.

सरांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. वर्गातल्या सगळ्यांनी प्रोग्राम विद्यापीठाच्या एकाच साइटवर लिहायचा असा नियम होता, आणि ती साइट प्रत्येक बदल जपून ठेवायची. कधी केला, कुठून केला, सगळं.

"हा हिरवा रंग तुमचा. दुपारी तुम्ही लिहिलंत, बरोबर लिहिलंत. मी चालवून पाहिलंय. संध्याकाळी तुम्हीच एक ओळ चुकीची केलीत. आणि नंतर हा तांबडा रंग. हा दुसऱ्याच कॉम्प्युटरचा आहे, तोही पार परदेशातला. त्यानं ती ओळ पुन्हा होती तशी करून ठेवली. बाई, चुकीचं बरोबर म्हणून खपवणारी मुलं मी पुष्कळ पाहिलीत. बरोबरचं चूक करणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय."

"ती माझी लेक," बाई म्हणाल्या. "मी लिहिलंय की वर. मदतीच्या ओळीत."

लिहिलं होतं खरंच. सरांनी पहिल्याच तासाला सगळ्यांना बजावलं होतं. बोला, विचारा, एकमेकांशी भांडा, पण कीबोर्डवर हात आपलाच हवा. आणि प्रोग्रामच्या अगदी वर, पहिल्या ओळीत लिहायचं, मदत कोणाची घेतली. कुणाचीच घेतली नसेल तर तसं लिहायचं, पण ती ओळ रिकामी सोडायची नाही. बाईंनी दर वेळी इमानेइतबारे लिहिलं होतं, 'मदत: माझी लेक, फोनवरून.' नाव लिहिलं की आपण सुटलो असं त्यांना वाटलं होतं. कीबोर्डचं वाक्य त्यांनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

"आणि ती फोनच्या रांगेची असाइनमेंट," सर हसू दाबत म्हणाले. "आलेले फोन रांगेत लावायचे आणि पहिला आला त्याला पहिला जोडून द्यायचा. नोंद चाळताना बघितलं, तुम्ही काय केलंत? रांगेच्या शेपटाकडून उचललंत. म्हणजे ज्यानं सगळ्यात आधी फोन केला तो बिचारा ताटकळत बसला. ही चूक बाकी कुणी केली असती तर मला काही वाटलं नसतं. पण तुम्ही? तिथंच मला शंका आली आणि मी मागचं सगळं काढून बघितलं."

एवढं करून शेवटी त्या आपल्याच धंद्यात पकडल्या गेल्या होत्या.

मग सरांनी त्यांच्याकडून एकेक प्रोग्राम समजावून घेतला. बाईंनी सांगितलं. इथं असं का, तिथं तसं का, सगळं न अडखळता सांगितलं. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की आपण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय. पण येणाऱ्या गोष्टीला येत नाही म्हणणं त्यांना फक्त लेकीसमोर जमायचं.

"मला पटलं," सर म्हणाले. "पण विद्यापीठाच्या शिस्त समितीला माझं पटणं पुरत नाही. दुपारचा प्रोग्रामही मुलीनंच आधी फोनवर सांगितला असेल, असं ते म्हणणार. तेव्हा दोनच रस्ते आहेत. मुलीला ही सगळी नोंद पाठवायची, आणि तिनं दोन ओळी लिहून द्यायच्या की प्रोग्राम तुमचेच आहेत, तिनं फक्त तुम्ही बिघडवलेलं सरळ केलं. मग तिचा हात लागला म्हणून मी तुम्हाला ताकीद देईन आणि विषय संपेल."

"आणि दुसरा?"

"तिनं लिहिले असं तुम्ही कबूल करायचं. सगळ्या असाइनमेंटना शून्य. निम्मे गुण त्यांचेच असतात, तेव्हा तुम्ही नापास."

"मग मी कबूल करते," बाई ताबडतोब म्हणाल्या. "कुठं सही करू?"

"बाई, न केलेल्या चोरीची सही मी कशी घेऊ? तोही खोटेपणाच झाला. दोन दिवस घ्या. घरी बोला."

बाई उठल्या. दारापाशी सर हळूच म्हणाले, "एक विचारू? मला काही तुम्ही फसवलं नाहीत. मग हा सगळा खटाटोप कुणासाठी होता?"

बाईंनी दार ओढून घेतलं. जिना उतरताना त्यांना वाटत होतं, पोरगं हुशार आहे, पण काही गोष्टी पुस्तकात नसतात.

झालं होतं असं. लेक परदेशी नोकरीला गेली तेव्हा रोज फोन करायची. खोली कशी, साहेब कसा, थंडी किती, सांगायला उदंड होतं. मग दिवसाआड, मग रविवारी, मग रविवारीसुद्धा 'आई, जरा गडबडीत आहे गं, करते नंतर.' भांडण नाही, तंटा नाही. बोलायचं संपलं होतं, एवढंच. काय चाललंय? काही नाही. तुझं? चाललंय. जेवलीस? जेवले. बाबा? आहेत, टीव्ही बघतायत. आणि मग दोन्हीकडून नुसता श्वास. आयुष्यभर दुनियेचे फोन जोडून दिलेल्या बाईला स्वतःच्या लेकीशी लाइन लागेना. कधीमधी त्या विचारायच्या, तू ऑफिसात करतेस तरी काय? लेक म्हणायची, "आई, ते तुला नाही कळायचं."

ते वाक्य बाईंच्या मनात घर करून बसलं. विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांना वर्षाला एक विषय फुकट शिकता येई. बाईंनी प्रोग्रामिंग घेतलं. खिडकीतल्या बाकीच्यांनी चेष्टा केली, नवऱ्यानं तर, "आता या वयात तू कॉम्प्युटरशी बोलणार? माझ्याशी बोल की," असं म्हणून घेतलं. पण बाईंनी मनावर घेतलं ते घेतलंच.

पहिल्या असाइनमेंटला त्यांच्या खरोखर नाकी नऊ आले. यादीतलं पहिलं नाव काही केल्या छापून येईना. घाबरत घाबरत लेकीला फोन लावला. तिकडे सकाळ, ऑफिसला निघायची घाई. "आई, अगं मोजणी शून्यापासून असते," लेक म्हणाली, आणि मग काय झालं कोण जाणे, ती खुर्ची ओढून बसलीच. का शून्यापासून, ती स्वतः पहिल्या वर्षी यातच कशी अडकली होती, कोण मास्तर कसा ओरडला होता. बाईंना तिनं कधीच न सांगितलेलं किती काय काय सांगत सुटली. हसली, खवळली, "आई, लक्ष कुठंय तुझं?" म्हणाली. अगदी त्याच सुरात, ज्या सुरात बाई तिला पाढे शिकवताना बोलायच्या. फोन ठेवला तेव्हा बाईंचा कान तापला होता आणि जीव गार झाला होता.

दुसरी असाइनमेंट त्यांना एकट्यानंच जमली. आनंदानं फोन केला. "अरे वा, आई. भारीच," लेक म्हणाली. "चल, ठेवू? उशीर होतोय." दोन मिनिटांत खेळ खलास.

तेव्हा बाईंनी फोन हातात धरून थोडा वेळ विचार केला. मग जमलेल्या प्रोग्राममधली एक ओळ बिघडवली आणि पुन्हा फोन लावला. "अगं, चालला म्हणाले खरी, पण आता बघ ना काय झालंय."

मग ते अंगवळणीच पडलं. आणि नीट बिघडवणं हे काही येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. चूक फार सोपी केली की लेक एका नजरेत काढायची आणि फोन ठेवायची. फार अवघड केली की वैतागायची, "मी रात्री बघून ठेवते" म्हणायची, म्हणजे बोलणं बुडालंच. चूक अशी हवी की आधी भलत्याच ठिकाणी शोधावी लागेल, शोधता शोधता गप्पा होतील, आणि शेवटी सापडली की लेकीला मजा वाटेल. बाई दिवसभर खिडकीत बसून तसल्या चुका मनात घोळवत. एकदा तर त्यांनी एकाच ओळीत दोन चुका अशा घातल्या की एक दुसरीला झाकेल. त्या दिवशी लेकीनं ऑफिसला जाता जाता सगळा रस्ताभर फोन चालू ठेवला आणि वाटेत दिसणारी झाडंसुद्धा सांगितली. पुढं पुढं लेक म्हणाली, "आई, तू सांगणार, मी सांगणार, त्यापेक्षा मला आत घे, मीच करते सरळ." बाईंनी घेतलं आत. स्क्रीनवर आपल्या अक्षरांच्या शेजारी तिची अक्षरं उमटताना दिसायची, म्हणजे ती जणू बाजूला येऊन बसली. तिथंच ते घोडं अडलं होतं.

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. सांगायला लागलंच, कारण चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं आणि त्यानं तोंड वाकडं करून विचारलं, "आज कुणी मेलंबिलं का?"

ऐकून तो आधी हसला. मग गंभीर झाला. "त्यात काय एवढं? सांग तिला. ती काय खाणार आहे का तुला?"

"अहो, तिला कळलं तर तिला वाटेल आईनं मला बनवलं. रोज सकाळची घाईची वेळ घेतली माझी."

"घेतलीसच की."

"आणि मग ती फोन कशाला करेल?"

"करेल की."

"कशासाठी?"

त्यानं टीव्हीचा रिमोट हातात घेऊन उगाच उलटसुलट केला. मग म्हणाला, "तुला काय वाटतं, तुम्ही बोलत असता तेव्हा मी बातम्या ऐकत असतो?"

"मग?"

"आवाज बंद असतो माझा. तिचा आवाज येतो ना इथपर्यंत. तुझ्यावर ओरडते ते छान वाटतं."

इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस एवढं लांब वाक्य फार क्वचित बोलला होता.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला फोन वाजला. बाईंनी तो डब्याला टेकवून उभा केला होता. शेजारी लॅपटॉप. लेकीचे केस ओले, हातात कप.

"हं, दाखव. आज काय दिवे लावलेस?"

"आज घाई आहे का तुला?"

"नाही गं. या वेळची मीटिंग मी केव्हाच पुढं ढकलून घेतलीय. साहेबाला म्हटलं, सकाळी माझा क्लास असतो." ती हसली. "आईचा."

बाईंना वाटलं, नको, आज राहू दे. सही करून टाकू, नापास होऊ, कुणाचं काय जातंय. चौकशीच्या खिडकीत बसायला प्रोग्रामिंग कुठं लागतं? दुसरा विषय घेऊ, त्यातलंही काही अडवू. पण लेकीनं आपल्यासाठी साहेबाला खोटं सांगितलं, हे त्यांना सोसवेना. आपल्यामुळं पोर खोटं बोलायला शिकली. आणि दारापाशी सरांनी विचारलेला प्रश्न तर दुपारपासून डोक्यात भुणभुणत होता.

"आज काही अडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि आधीही अडलेलं नव्हतं."

"म्हणजे?"

मग बाईंनी सांगितलं. सर, हिरवा रंग, तांबडा रंग, समिती, दोन ओळी. लेकीनं कप खाली ठेवला.

"कधीपासून?"

"पहिली खरी होती. तेवढी एकच."

"आणि ती रांगेची? त्यात मी अर्धा तास डोकं खाजवत होते."

"ती तर पहिल्या फटक्यात जमली होती गं."

लेकीला हसू आलं. ते हसू तिच्या तोंडावर थोडा वेळ राहिलं आणि मग तिथंच विरलं. "आई, तू नुसतं सांगायचंस ना. रोज फोन कर म्हणून."

"सांगितलं असतं तर केला असतास तू," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं म्हणून केला असतास."

बाहेर टीव्ही मुकाच चालला होता.

"पाठव मला ती नोंद," शेवटी लेक म्हणाली. "लिहिते सरांना." आणि नेहमीपेक्षा लवकर फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सर स्वतः चौकशीच्या खिडकीपाशी आले. प्रश्न मिटला होता. गुण राहिले, ताकीद मिळाली. बाईंनी हात जोडले, आणि न राहवून विचारलं, "काय लिहिलंय हो तिनं?"

सरांनी मोबाइल काढून वाचून दाखवलं. "सगळे प्रोग्राम आईचे आहेत. मला वाटत होतं, मी तिला शिकवतेय."

मागं रांग लागली होती. पुढच्या माणसाला परीक्षा विभाग कुठं आहे ते हवं होतं. बाईंनी त्याला डावीकडे जायला सांगितलं, मग हाक मारून उजवीकडे सांगितलं.

लेक रागावली बिगावली नव्हती. उलट त्या आठवड्यात तिनं रोज न चुकता फोन केला. पण मध्ये प्रोग्राम नव्हता. काय चाललंय? काही नाही. तुझं? चाललंय. दोघीही मनापासून प्रयत्न करत होत्या, आणि तो प्रयत्न दोघींनाही ऐकू येत होता. एकदा लेक म्हणाली, "बिघडव ना काहीतरी," आणि बाईंनी बिघडवलंही. पण आता ती चूक मुद्दाम केलेली आहे हे दोघींना माहीत होतं, आणि लेकीनं ती मुकाट्यानं काढून दिली. मग दिवसाआड झालं. मग तिच्या साहेबानं मीटिंग पुन्हा जुन्या वेळेवर आणली. त्यात कुणाचाच दोष नव्हता. रविवार तेवढा उरला.

शेवटच्या असाइनमेंटला सरांनी विषय ज्याचा त्याला निवडायला सांगितला. बाईंनी इथली वेळ दिली की तिकडची वेळ सांगणारा प्रोग्राम लिहिला. वाटतो तेवढा तो सोपा नव्हता. मध्यरात्र मध्ये आली की वारच बदलायचा, इथला रविवार तिकडे शनिवारच असायचा. बाईंनी चिकाटीनं सगळं सरळ केलं. दुपारपर्यंत तो बिनचूक चालायला लागला.

संध्याकाळी त्या नेहमीच्या जागी बसल्या. रविवार नव्हता. तरी फोन डब्याला टेकवून उभा केला. बाहेर नवऱ्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. बाईंनी आत्ताची वेळ घालून प्रोग्राम चालवला. तिकडे सकाळ झाली होती. मीटिंग सुरू झाली असेल.

त्यांनी एका ओळीतलं वजाचं चिन्ह खोडून अधिक केलं. पुन्हा चालवला. तिकडची सकाळ एकदम उद्या पहाटेवर जाऊन बसली. चूक चांगली होती, हवी तेवढीच अवघड. ती शोधायला आधी वार बघावा लागला असता, मग मध्यरात्र, आणि मग कुठं हे चिन्ह. बाई थोडा वेळ तिच्याकडे बघत बसल्या. मग त्यांनी स्वतःच ती काढून टाकली.

आता फक्त सगळ्यात वरची ओळ राहिली होती. 'मदत' एवढाच शब्द होता आणि पुढं कर्सरची बारीक रेघ लुकलुकत होती. रिकामी सोडायची नाही, असा नियम होता. बाईंनी एकदा फोनकडे पाहिलं आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'कोणाचीही नाही.' आणि प्रोग्राम पाठवून दिला.

"झालं का?" बाहेरून नवऱ्यानं विचारलं.

"झालं."

त्यानंतरही तो थोडा वेळ थांबला असावा. मग टीव्हीचा आवाज मोठा झाला.